एसयूव्हीचे टायर बदलताना : आकड्यांचा अर्थ आणि कुटुंबाची सुरक्षा

नागपुरातील इतवारी, गांधीबाग, लकडगंज या भागांतील व्यापारी कुटुंबांच्या दारात गेल्या दहा-पंधरा वर्षांत मोठा बदल घडून आला आहे. पूर्वी जिथे छोटी मोटार उभी असे, तिथे आता उंच बांध्याची, सहा-सात आसनांची एसयूव्ही दिसते. त्यामागे केवळ हौस नाही. एकत्र कुटुंब, वृद्ध आई-वडील, लहान मुले, लग्नकार्याचे सामान आणि वर्षातून दोन-तीनदा कारंजा, शिरपूर किंवा मुक्तागिरीची यात्रा, या साऱ्यांना सामावून घेणारे वाहन म्हणून एसयूव्हीची निवड होते. त्यात समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून लांबच्या प्रवासाचे मानही बदलले आहे. मुंबईपर्यंत गाडीने जाणे आता अनेकांना सहज वाटू लागले आहे.

गाडी घेताना घरात महिनाभर चर्चा होते. रंग, इंजिन, मायलेज, विमा, कर्जाचा व्याजदर, सर्व काही तपासले जाते. परंतु चार-पाच वर्षांनी टायर बदलण्याची वेळ येते, तेव्हा हाच चोखंदळपणा कुठे जातो कोण जाणे! खातेवहीतील प्रत्येक रकमेची दोनदा बेरीज करून पाहणारी मंडळीही टायरच्या बाबतीत दुकानदाराच्या एका शब्दावर विसंबतात.

दुकानातील संवाद बहुधा एकाच साच्यातला असतो. मुलगा म्हणतो, "पप्पा, एक साइज मोठा टाकू या, गाडी दणकट दिसेल." वडील विचारतात, "याच रिमवर बसतो ना? मग भाव किती कमी करणार?" आणि दुकानदार सांगतो, "शेठजी, आरामात बसतो. सगळे हाच टाकतात." मुलाने दिसण्याचा, वडिलांनी किमतीचा आणि दुकानदाराने खपाचा विचार केलेला असतो. हा टायर या गाडीचा, त्यातील माणसांचा आणि ज्या वेगाने ती धावणार आहे त्या वेगाचा भार पेलण्यास योग्य आहे काय, हा मूळ प्रश्न मात्र कोणीच विचारलेला नसतो. या प्रश्नाचे उत्तर टायरवरच लिहिलेले असते. ते वाचता आले पाहिजे, एवढेच.

टायरवरील लेखन कसे वाचावे

टायरच्या बाजूच्या भिंतीवर उठावदार अक्षरांत काही आकडे कोरलेले असतात. उदाहरणार्थ, '२३५/६५ आर १७ १०४ एच'. यातील पहिला आकडा २३५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधील रुंदी. दुसरा आकडा ६५ हा मिलिमीटर नसून टक्का आहे. टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के आहे, असा त्याचा अर्थ. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी. १७ हा रिमचा इंचांतील व्यास. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्का आणि इंच अशी तीन मापे एकत्र आल्यामुळे सामान्य ग्राहक गोंधळतो. २३५ ऐवजी २४५ घेतला तर केवळ रुंदीच वाढेल, असा त्याचा समज होतो. प्रत्यक्षात टक्का तोच राहिला तर रुंदीबरोबर उंचीही वाढते आणि चाकाचा संपूर्ण व्यास बदलतो.

त्यापुढील १०४ हा भारांक. त्याला दुकानात 'लोड इंडेक्स' म्हणतात. हा आकडा किलोचा नसून एका ठरलेल्या कोष्टकातील क्रमांक आहे. कोष्टकानुसार ९१ म्हणजे ६१५ किलो, ९५ म्हणजे ६९० किलो, १०० म्हणजे ८०० किलो आणि १०४ म्हणजे ९०० किलो. योग्य दाबाची हवा भरलेली असताना एक टायर जास्तीत जास्त एवढा भार पेलू शकतो. शेवटचे अक्षर वेगमर्यादेचे आहे. 'एस' म्हणजे ताशी १८० किलोमीटर, 'टी' म्हणजे १९०, 'एच' म्हणजे २१० आणि 'व्ही' म्हणजे २४०.

आपली गाडी ताशी २१० च्या वेगाने कधीच जाणार नाही, मग 'एच'चा आग्रह कशासाठी, अशी शंका येणे साहजिक आहे. हे अक्षर केवळ वेग सांगत नाही. दीर्घकाळ सतत धावताना निर्माण होणारी उष्णता सोसण्याची टायरची क्षमताही त्यातून व्यक्त होते. विदर्भाच्या उन्हात काँक्रीटच्या रस्त्यावर सलग तीन-चार तास धावणाऱ्या गाडीला ही क्षमता लागते. म्हणून कंपनीने दिलेल्या अक्षरापेक्षा खालचे अक्षर स्वीकारू नये.

आपल्या गाडीचा मूळ आकार कोणता, हे शोधण्यासाठी सध्याच्या टायरवर विसंबणे धोक्याचे ठरू शकते. गाडी जुनी विकत घेतलेली असेल तर आधीच्या मालकाने आकार बदललेला असण्याची शक्यता असते. चालकाचे दार उघडल्यावर दिसणाऱ्या खांबावर एक छोटी पट्टी चिकटवलेली असते. काही गाड्यांत ती इंधनाच्या झाकणाच्या आत असते. टायरचा आकार आणि पुढच्या-मागच्या चाकांतील हवेचा दाब तिच्यावर छापलेला असतो. तीच पट्टी आणि गाडीबरोबर मिळालेली माहितीपुस्तिका, हा खरा आधार होय.

व्यासाचा हिशेब

चाकाचा एकूण व्यास काढणे अगदी सोपे आहे. २३५ चे ६५ टक्के म्हणजे १५२.७५ मिलिमीटर. भिंत वर एक आणि खाली एक अशी दोनदा येते, म्हणून ३०५.५. रिमचे १७ इंच गुणिले २५.४ म्हणजे ४३१.८. दोहोंची बेरीज ७३७.३ मिलिमीटर. हा झाला मूळ व्यास.

आता समजा, त्याच रिमवर 'एक साइज मोठा' म्हणून २५५/६५ आर १७ बसवला. २५५ चे ६५ टक्के १६५.७५, त्याची दुप्पट ३३१.५ आणि त्यात ४३१.८ मिळवले की ७६३.३. व्यास २६ मिलिमीटरने, म्हणजे सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढला. साडेतीन टक्के हा आकडा क्षुल्लक वाटतो, परंतु व्याजाच्या दरात अर्ध्या टक्क्यासाठी घासाघीस करणाऱ्या मंडळींना टक्क्याची किंमत वेगळी सांगायला नको.

मूळ चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ४३२ फेरे घेत असे. मोठे चाक ४१७ फेऱ्यांतच तेवढे अंतर कापते. वेगदर्शक मात्र फेऱ्यांवरूनच वेग ठरवतो. त्यामुळे मूळ चाकांच्या वेळी जो काटा १२० दाखवत असे, तोच काटा आता १२० वर असताना गाडी तेव्हापेक्षा ताशी चार किलोमीटर अधिक वेगाने धावत असते. समृद्धी महामार्गावर मोटारींसाठी सपाट भागात ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. मर्यादेच्या काठावर गाडी चालवणाऱ्याला हा फरक दंडाच्या रूपाने भोवू शकतो आणि अचानक ब्रेक लावण्याच्या क्षणी तर तो अधिकच महत्त्वाचा ठरतो. अंतर मोजणारा आकडाही कमी पडतो. प्रत्यक्ष हजार किलोमीटर धावलेली गाडी सुमारे ९६६ किलोमीटरच दाखवते. मायलेज घटले, अशी तक्रार घेऊन मालक मेकॅनिककडे जातो आणि दोष मात्र चाकाच्या आकारात असतो.

याउलट, योग्य रीतीने केलेला बदल किती सूक्ष्म असतो, याचे चांगले उदाहरण टोयोटा फॉर्च्युनरमध्ये पाहावयास मिळते. या गाडीच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत २६५/६५ आर १७ आणि २६५/६० आर १८ असे दोन आकार आढळतात. पहिल्याचा व्यास ७७६.३ मिलिमीटर, तर दुसऱ्याचा ७७५.२. रिम एक इंचाने वाढले, पण टायरची भिंत त्याच प्रमाणात कमी केल्यामुळे एकूण व्यासात जेमतेम एक मिलिमीटरचा फरक पडला. इनोव्हा क्रिस्टाच्या २०५/६५ आर १६ आणि २१५/५५ आर १७ या आकारांतही तेच तत्त्व दिसते. व्यास अनुक्रमे ६७२.९ आणि ६६८.३ मिलिमीटर, म्हणजे फरक एका टक्क्याहूनही कमी. रिम वाढवायचेच असेल तर कंपनीने आपल्याच गाडीच्या दुसऱ्या आवृत्तीला दिलेला आकार निवडावा, हा यातील धडा. बाजारात तीन टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, असे सांगितले जाते. परंतु ती अखेरची मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे.

व्यासाइतकाच रिमच्या रुंदीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. प्रत्येक टायरसाठी रिमच्या रुंदीची एक ठरावीक कक्षा असते. उदाहरणार्थ, २६५/६५ आर १७ हा टायर साधारणतः साडेसात ते साडेनऊ इंच रुंदीच्या रिमसाठी असतो. अरुंद रिमवर रुंद टायर कसाबसा बसतो, पण त्याच्या कडा आत ओढल्या जातात, मधला भाग फुगतो आणि तोच आधी झिजतो. वळणावर भिंत अधिक वाकते. "रिमवर बसतो" आणि "रिमसाठी योग्य आहे" या दोन वाक्यांत हा फरक आहे.

भाराचा विचार

शहरात एकटा मालक गाडी चालवतो, तेव्हा टायरवर पूर्ण भार कधीच येत नाही. खरी कसोटी यात्रेच्या किंवा लग्नाच्या दिवशी लागते. सात माणसे, त्यांच्या बॅगा, पाण्याचे कॅन, डब्यांच्या पिशव्या आणि कधी छतावर बांधलेले सामान! समजा, पूर्ण भारासह गाडीचे वजन २,६०० किलो झाले. चारांनी भागले तर प्रत्येक चाकावर ६५० किलो येतात आणि ६९० किलोंचा ९५ भारांक पुरेसा वाटतो. परंतु भार कधीच समान वाटला जात नाही. शेवटची आसने आणि सामान मागे असल्यामुळे मागच्या दोन चाकांवर मिळून १,४५० किलो आले, तर प्रत्येकी ७२५ किलो होतात. ९५ भारांकाचा टायर तिथे अपुरा पडतो. त्यातही हवा कमी असेल तर त्याची क्षमता आणखी घटते.

म्हणूनच आकार तंतोतंत जुळला तरी भारांक पाहिल्याशिवाय टायर पसंत करू नये. एकाच आकाराचे टायर वेगवेगळ्या भारांकांचे असू शकतात आणि कमी भारांकाचा टायर बहुधा स्वस्त असतो. मूळ भारांक जेवढा असेल तेवढा किंवा त्याहून अधिक, हाच नियम पाळावा. काही टायरांवर 'एक्स एल' अशी अक्षरे असतात. अधिक दाब आणि अधिक भार सोसण्यासाठी त्यांची बांधणी केलेली असते. मूळ टायर या प्रकारचा असेल तर नवाही त्याच प्रकारचा घ्यावा.

रुंद टायर आणि जंगली नक्षीचा मोह

रुंद टायरमुळे कोरड्या रस्त्यावर पकड वाढते, हे काही अंशी खरे आहे. परंतु त्याची किंमत अन्यत्र मोजावी लागते. टायर जड होतो, इंधन अधिक लागते, स्टिअरिंग पूर्ण वळवले की टायर आतील प्लास्टिकला किंवा सस्पेन्शनच्या भागांना घासू शकतो. पावसाळ्यात रस्त्यावर साचलेल्या पाण्यावर रुंद टायर अधिक लवकर तरंगू लागतो आणि त्या क्षणी स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. एबीएस आणि गाडी स्थिर ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मूळ आकाराला अनुसरून जुळवलेली असते. चाक बदलले की तिच्या गणितातही अंतर पडते.

दुसरा मोह खोल, खडबडीत नक्षीच्या 'ऑल टेरेन' टायरचा. ताडोबा आणि पेंच जवळ असल्याने नागपुरात या टायरांचे आकर्षण विशेष आहे. परंतु तिथली सफारी बहुधा वनखात्याकडे नोंदलेल्या जिप्सीतूनच होते. आपली गाडी प्रवेशद्वाराशी, डांबरी रस्त्याच्या कडेला उभी असते. ज्यांची शेती आडमार्गाला आहे किंवा ज्यांना खाणीच्या, जिनिंगच्या कामासाठी कच्च्या रस्त्याने रोज जावे लागते, त्यांना हे टायर उपयुक्त आहेत. ज्यांचा नव्वद टक्के प्रवास शहरात आणि महामार्गावर होतो, त्यांच्यासाठी महामार्गाचे, म्हणजे 'एच टी' प्रकारचे टायर अधिक शांत, ओल्या रस्त्यावर अधिक भरवशाचे आणि इंधनाच्या दृष्टीने किफायतशीर ठरतात.

समृद्धी महामार्ग आणि विदर्भाचा उन्हाळा

नागपूरजवळच्या शिवमडका येथून सुरू होणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. इगतपुरी ते आमणे हा अखेरचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. या रस्त्याने वेळ वाचवला, परंतु टायरची परीक्षाही कठीण केली. जुन्या रस्त्यावर गावे, फाटे, रेल्वे फाटके येत असत, वेग कमी होत असे आणि टायरला थंड होण्यास उसंत मिळे. इथे तासन्‌तास एकाच वेगाने धावताना ती उसंत मिळत नाही.

१ जुलै २०२३ रोजी बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेल्या खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवाशांचा होरपळून मृत्यू झाला. टायर फुटल्याने अपघात झाला, असे प्रथम सांगितले गेले. परिवहन विभागाच्या तपासणीत मात्र त्याला दुजोरा मिळाला नाही. प्रत्येक अपघाताचे खापर टायरवर फोडणे योग्य नाही, हा त्यातील एक बोध. थकवा, झोप, वेग आणि रस्त्याचा एकसुरीपणा हीदेखील कारणे असतात. पण या मार्गावर टायरची स्थिती हा गंभीर विषय आहे, हे परिवहन विभागानेही ओळखले. प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून गुळगुळीत टायरांची वाहने परत पाठवण्याची मोहीम त्यामुळेच हाती घेण्यात आली.

नागपूरचा उन्हाळा हा त्यातील दुसरा घटक. मे २०१३ मध्ये शहराचे तापमान ४७.९ अंशांपर्यंत गेले होते. अशा दिवसांत रस्ता हवेपेक्षा पुष्कळ अधिक तापतो. यावर उपाय म्हणून टायरमधील हवा दोन-चार पीएसआय कमी ठेवावी, असा सल्ला अनेक जण देतात. हा सल्ला नेमका उलटा आहे. टायर तापतो तो प्रामुख्याने बाहेरच्या उन्हाने नव्हे, तर धावताना प्रत्येक फेऱ्यात त्याची भिंत वाकून सरळ होते, त्या घर्षणाने. हवा कमी असली की भिंत अधिक वाकते, अधिक तापते आणि आतील थर सुटू लागतात. वेगात टायर फुटण्याच्या मुळाशी पुष्कळदा हेच कारण असते.

दाब नेहमी थंड टायरचा मोजावा. गाडी किमान तीन तास उभी असताना किंवा सकाळी घराजवळच्या पंपावर, दोन-तीन किलोमीटरच्या आत. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढले की दाब एक पीएसआय वाढतो. सकाळी ३४ असलेला दाब महामार्गावर ३८ झाला तर घाबरून हवा सोडू नये. ती वाढ टायर तयार करणाऱ्याने गृहीत धरलेली असते. पूर्ण भारासाठी पट्टीवर वेगळा, अधिक दाब दिलेला असेल, तर यात्रेला निघण्यापूर्वी तोच भरावा. नायट्रोजनविषयी बोलायचे तर साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तो भरल्याने दाब थोडा अधिक काळ टिकतो, पण दर पंधरा दिवसांनी दाब तपासण्याची जबाबदारी त्यामुळे टळत नाही.

वय, झीज आणि स्टेपनी

टायरच्या भिंतीवर 'डॉट' या अक्षरांपाशी एका लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ असे असेल तर तो टायर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला, असे समजावे. नवा टायर घेताना हा आकडा स्वतः वाचावा आणि जुना साठा नाकारावा. रबर वापराविनाही कडक होत जाते. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी आणि दहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी टायर वापरू नये, असा टायर कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला आहे. गाडी घरीच अधिक उभी राहते, 'फक्त वीस हजार चालली आहे', म्हणून निर्धास्त राहणाऱ्या कुटुंबांनी हे लक्षात ठेवावे.

झिजेची कायदेशीर मर्यादा मोटारीसाठी १.६ मिलिमीटर आहे. नक्षीच्या खोबणीत छोट्या उंचवट्याच्या खुणा असतात. नक्षी झिजून त्या खुणांच्या पातळीला आली की टायर निकामी झाला. पावसाळ्यात पाणी बाजूला सारण्यासाठी याहून अधिक खोली हवी, म्हणून मर्यादा गाठेपर्यंत थांबू नये.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे टायर मागच्या चाकांना लावावेत. मागची चाके घसरली तर गाडी गरगर फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही. चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या गाडीत मात्र चारही टायर एकाच आकाराचे आणि जवळपास सारख्या झिजेचे असणे आवश्यक असते, अन्यथा महागड्या गिअर यंत्रणेवर ताण येतो. स्टेपनीचाही विसर पडू देऊ नये. चार चाके नव्या आकाराची आणि स्टेपनी जुन्या आकाराची, अशी स्थिती रात्री कारंज्याजवळ पंक्चर झाल्यावर कळण्यापेक्षा दुकानातच कळलेली बरी. २०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा संच आणि दाब दाखवणारी यंत्रणा असलेल्या काही गाड्यांना स्टेपनी नसली तरी चालते. आपली गाडी त्यांपैकी आहे काय, हे पाहून ठेवावे.

कायदा, विमा आणि बिल

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे फेरफार मान्य नाहीत, असा निर्वाळा दिला. गाडीच्या बाहेर डोकावणारी रुंद चाके ही केवळ हौसेची बाब राहत नाही, ती अशी.

विम्याच्या बाबतीत एक गैरसमज सर्वत्र आढळतो. केवळ टायर फुटला वा फाटला, तर सर्वसाधारण मोटार विम्यात भरपाई मिळत नाही. अपघातात गाडीचे अन्य नुकसान त्याच वेळी झाले असेल तरच टायरचा दावा ग्राह्य धरला जातो आणि तोही बदलण्याच्या खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत. स्वतंत्र जोड-विमा घेतला असेल तर गोष्ट वेगळी. परंतु कंपनीच्या तपशिलात नसलेला आकार बसवून दावा करणे म्हणजे विमा कंपनीच्या हाती आयते कारण देणे होय.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या नव्या टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. दहा हजार रुपये मूळ किमतीचा टायर पूर्वी १२,८०० रुपयांना पडत असे, तो आता ११,८०० रुपयांना पडतो. चार टायरांमागे चार हजार रुपये वाचतात. ही बचत भारांक किंवा दर्जा वाढवण्यासाठी वापरावी. बिलाशिवाय मिळणाऱ्या सवलतीला भुलू नये. वॉरंटीचा दावा बिलावरच उभा असतो. बिलावर टायरचा पूर्ण आकार, भारांक, क्रमांक आणि तारीख लिहून घ्यावी. व्यापाऱ्याने व्यापाऱ्याकडून पक्के बिल मागण्यात संकोच कसला?

दुकानात जाण्यापूर्वी

दाराच्या खांबावरील पट्टीचे मोबाइलने छायाचित्र घ्यावे. माहितीपुस्तिकेतील पर्यायी आकार टिपून ठेवावेत. दुकानात पहिला प्रश्न आकाराचा, दुसरा भारांकाचा, तिसरा वेगाच्या अक्षराचा आणि चौथा निर्मितीच्या आठवड्याचा विचारावा. भावाचा प्रश्न पाचवा. टायरवर आयएसआय चिन्ह आहे, हे पाहावे. बसवताना नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्यावे आणि हवा पट्टीवरील आकड्याप्रमाणे भरली, हे मापकावर स्वतः पाहावे. दुकानदाराने आकार बदलण्याचा आग्रह धरल्यास वर दिलेला व्यासाचा हिशेब कागदावर मांडून त्याच्यापुढे ठेवावा. गुणाकार-बेरीज एवढेच त्यात आहे, आणि ती आपल्या घरांत सर्वांना येते.

रस्त्याला एका वेळी टेकलेला प्रत्येक टायरचा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. सात माणसांचे घर अशा चार तळहातांवर ताशी शंभर किलोमीटरने धावत असते. मुलाला गाडी दणकट दिसावी असे वाटणे वयाला धरून आहे, वडिलांनी भाव पाहणेही व्यवहाराला धरून आहे. फक्त निर्णय घेण्यापूर्वी मागच्या आसनावर कोण बसणार आहे, याचा विचार दोघांनी मिळून करावा. पुढच्या यात्रेपूर्वी एखाद्या सकाळी दोघांनी गाडीभोवती एक फेरी मारावी आणि पाचही टायरांवरील आकडे वाचून पाहावेत. त्याला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.